फर्स्ट कम्युनियनसाठी सजवलेल्या शुगर कुकीज: पाच भाकरी, दोन मासे आणि आठवडाभराची आखणी

रविवारी सकाळी मुलाचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे कॅथलिक चर्चमध्ये मूल पहिल्यांदाच पवित्र भाकर घेतं तो विधी, असेल, तर कुकीजचं पीठ मंगळवारी मळायला घ्या. पहिल्यांदा करणाऱ्याला हे ऐकून धडकी भरते, पण काम काही डोंगराएवढं नाही. प्रत्यक्ष हात चालतो तो रोज तास-दीड तास. बाकीचा सगळा वेळ पीठ गार व्हायला आणि आयसिंग वाळायला लागतो, आणि ही दोन कामं घाई केली की हमखास बिघडतात. पसरलेला क्रूस, शेजारच्या पांढऱ्यात उतरलेला निळा रंग, पिशवीत भरताना पुसलं गेलेलं नाव, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी बहुतेक वेळा शनिवारी रात्री सुरू केलेलं काम असतं.

म्हणून आधी वेळापत्रक. मंगळवारी पीठ मळून, लाटून फ्रीजमध्ये. बुधवारी कापणं आणि भाजणं. गुरुवारी आयसिंग करून पहिला थर. शुक्रवारी नाव, खवले, ठिपके, बारीक रेघा. शनिवारी दुपारी पॅकिंग. भाजलेल्या कोऱ्या कुकीज घट्ट झाकणाच्या डब्यात चार-पाच दिवस छान राहतात. फ्रीझरमध्ये तर दोन-तीन महिनेही टिकतात, त्यामुळे भाजण्याचं काम आणखी आधी उरकलं तरी चालेल.

आकार कोणते निवडायचे

दुकानात कटर बघायला गेलं की चषक, क्रूस, कबूतर, देवदूत, कोकरू, मेणबत्ती, जपमाळ असं सगळंच घ्यावंसं वाटतं. तसं करू नका. नवख्या हातांसाठी दोन आकार, फार तर तीन. प्रत्येक नव्या आकारासोबत आयसिंगच्या एक-दोन वेगळ्या पिशव्या वाढतात आणि कुठलाच आकार हातात बसेपर्यंत कुकीज संपून जातात. एकच आकार दहा वेळा केला, की दहावी कुकी पहिलीपेक्षा कितीतरी सफाईदार होते.

दुसरं म्हणजे चित्राचा त्या दिवसाशी संबंध असावा. कबूतर हे पवित्र आत्म्याचं चिन्ह. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी आत्मा कबुतराच्या रूपात उतरला असं चारही शुभवर्तमानं (बायबलमधली येशूच्या जीवनाची पुस्तकं) सांगतात. त्यामुळे कबूतर आणि शिंपला हे बाप्तिस्म्याच्या कुकीजना जास्त शोभतात. कम्युनियनची चिन्हं वेगळी: गव्हाची लोंबी आणि द्राक्षांचा घड, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस, चषक आणि त्यावर गोल भाकर. क्रूस दोन्हीकडे चालतो.

माझी स्वतःची पहिली पसंती मात्र पाच भाकरी आणि दोन मासे यांना आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ६ व्या अध्यायात येशू पाच हजारांना जेवू घालतो तेव्हा त्या पाच भाकरी आणि दोन मासे एका मुलाजवळ असतात. बाकीची शुभवर्तमानं भाकरी-मासे सांगतात, मुलाचा उल्लेख फक्त योहान करतो. आणि त्याच अध्यायात पुढे येशू स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो. कम्युनियन घेणाऱ्या मुलाला याहून जवळची गोष्ट कुठली असेल? पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांपर्यंत खाली आणलं. या वयाच्या मुलाला ही गोष्ट पूर्ण कळते, आणि डब्यात पाच भाकरी आणि दोन मासे मोजून भरायला त्याला फार आवडतं.

सोयीच्या दृष्टीनेही हा संच उत्तम आहे. भाकरीला आयसिंगच लागत नाही, म्हणजे सातातल्या पाच कुकीज ओव्हनमधून निघाल्या की तयारच. माशाचा आकार गुबगुबीत, त्याला मोडण्यासारखे नाजूक भाग नसतात. चषकाचा बारीक दांडा आणि देवदूताचे टोकदार पंख नवशिक्याच्या हातात हटकून तुटतात. चषक हवाच असेल तर दांडा किमान दोन सेंटिमीटर रुंद असलेला कटर घ्या. क्रूसाच्या बाहूंनाही हाच नियम. मनासारखा कटर मिळाला नाही तर जाड पुठ्ठ्यावर आकार काढून कापा, तो लाटलेल्या गार पिठावर ठेवा आणि टोकदार सुरीने कडेने फिरा.

पीठ

मध्यम आकाराच्या, म्हणजे साधारण आठ सेंटिमीटरच्या २४ कुकीजसाठी: बिनमिठाचं बटर २२५ ग्रॅम, बारीक साखर २०० ग्रॅम, एक अंडं, व्हॅनिला दोन चहाचे चमचे, मैदा ४०० ग्रॅम, मीठ अर्धा चहाचा चमचा. अंडं चालत नसेल तर त्याऐवजी तीन मोठे चमचे दूध घाला. कुकी थोडी अधिक खुसखुशीत होते, आकार तितकाच छान राहतो. जिन्नस वाटीने मोजू नका, वजनकाट्यावर मोजा. मैदा वाटीत दाबून भरला की सैल भरला यावर वजनात मोठा फरक पडतो, आणि या पिठाला तो सोसत नाही.

या यादीत बेकिंग पावडर नाही, आणि ती मुद्दामच वगळली आहे. तिच्यामुळे कुकी फुगते, कडा गोल होतात आणि वरचा भाग उंचसखल होतो. आपल्याला सपाट पृष्ठभाग हवा आहे, कारण त्यावर चित्र काढायचं आहे.

बटर बोटाने दाबलं तर खळगा पडेल इतपत मऊ हवं, तेलकट चमक आली असेल तर ते जास्त मऊ झालंय. बटर आणि साखर मध्यम वेगावर दीड-दोन मिनिटं फेटा, एकजीव झालं की थांबा. केकसाठी फेटतो तसं पांढरंफेक आणि हलकं होईपर्यंत फेटलं तर त्यात हवा भरते आणि भाजताना तीच हवा कुकीला पसरवते. अंडं आणि व्हॅनिला घालून फिरवा, मग मैदा आणि मीठ दोन वेळा विभागून घाला. पीठ भांड्याच्या कडा सोडून गोळा व्हायला लागलं की बस्स. जास्त मळलं तर मैद्यातलं ग्लुटेन ताणलं जातं आणि कुकी भाजताना आक्रसते.

आता गोळा फ्रीजमध्ये ठेवून मग लाटायचा, असं बऱ्याच कृतींत असतं. उलटा क्रम जास्त सोपा पडतो. मऊ पीठ लगेच बटर पेपरच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून सहा मिलिमीटर जाडीचं लाटा आणि पोळी कागदासकट ट्रेवर ठेवून फ्रीजमध्ये टाका. दगडासारख्या गार गोळ्याशी झटापट वाचते, आणि लाटताना वरून मैदाही भुरभुरावा लागत नाही. जाडी सगळीकडे सारखी राहावी म्हणून पिठाच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणं फिरवा. किमान एक तास गार करा. रात्रभर राहिलं तर आणखी बरं.

कापणं आणि भाजणं

पोळी फ्रीजमधून काढली की लगेच कापा. कटर सरळ खाली दाबा, पिळू नका. आकार एकमेकांना जवळजवळ चिकटून काढा, म्हणजे उरलेलं पीठ कमी राहील, कारण ते पुन्हा लाटल्यावर कुकी थोडी चिवट होते. हे दुसऱ्यांदा लाटलेलं पीठ भाकरींसाठी वापरा.

माशांचे आकार बटर पेपर घातलेल्या ट्रेवर ठेवून पंधरा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा आणि थेट तापलेल्या ओव्हनमध्ये सरकवा. आकार टिकण्यासाठी ही एकच पायरी सगळ्यात जास्त काम करते. बटर पूर्ण वितळायच्या आत कडा शिजून घट्ट झाल्या की कुकी पसरत नाही. ओव्हन १७५ अंश सेल्सिअसला आधी पंधरा-वीस मिनिटं तापवून घ्या. पंखा चालणारा ओव्हन असेल तर १६० पुरे. दहा ते बारा मिनिटं लागतात. वरची चकाकी गेली, कडांना जेमतेम सोनेरी झाक दिसली की बाहेर काढा. मधला भाग तेव्हा मऊच वाटतो, तो गरम ट्रेवर पाच मिनिटांत सेट होतो.

एका ट्रेवर एकाच मापाच्या कुकीज ठेवा. छोट्या भाकरी आणि मोठे मासे एकत्र भाजले तर मासे होईपर्यंत भाकरी करपतात. मधेच एखादा फुगवटा आला, तर कुकी गरम असतानाच सपाट उलथन्याने हलकेच दाबा.

भाकरींसाठी चार सेंटिमीटरचे गोल कापा, तितक्याच जाडीचे. वर सुरीने आडवी-उभी चीर अर्ध्या खोलीपर्यंत द्या, ब्रशने दुधाचा पातळ हात फिरवा आणि माशांपेक्षा थोडा जास्त रंग येईपर्यंत भाजा. चिरा उमलतात, कडा तांबूस होतात आणि चीर क्रूसासारखी दिसते. यापुढे त्यांना काही लावू नका. रंगीत माशांशेजारी त्या साध्याच बऱ्या दिसतात.

सगळ्या कुकीज जाळीवर पूर्ण गार होऊ द्या. आतून कोमट कुकीवर आयसिंग घातलं तर बटर वर येऊन पांढऱ्यावर पिवळट डाग उठतात. निदान दोन तास, शक्यतो रात्रभर थांबा.

रॉयल आयसिंग

आयसिंग शुगर ५०० ग्रॅम, मेरिंग पावडर तीन मोठे चमचे, कोमट पाणी ८० मिलिलिटर आणि हवं तर अर्धा चमचा रंगहीन व्हॅनिला. नेहमीच्या तपकिरी व्हॅनिलाने पांढरा रंग मळकट होतो, आणि या दिवशी सगळं पांढऱ्यावरच आधारलेलं आहे. घरी मिक्सरमधून काढलेली पिठीसाखर इथे वापरू नका. ती डोळ्यांना बारीक दिसते, पण तिचे कण नोझलमध्ये, म्हणजे आयसिंगच्या पिशवीच्या टोकाला लावायच्या बारीक नळीत, अडकतात. आयसिंग शुगरही बारीक चाळणीने दोनदा चाळून घ्या.

जुन्या कृतींमध्ये कच्च्या अंड्याचा पांढरा बलक असतो. मुलांच्या पंगतीसाठी मी तो सुचवणार नाही, कारण कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. मेरिंग पावडरमधला पांढरा बलक आधीच उष्णतेची प्रक्रिया करून सुकवलेला असतो. अंडं अजिबातच नको असेल तर आयसिंग शुगर ५०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज दोन मोठे चमचे आणि पाणी चार-पाच मोठे चमचे एकत्र करून साधं ग्लेझ करा. ते छान चमकतं आणि दाताखाली मऊ लागतं. मात्र ते वाळायला पूर्ण दिवस घेतं, आणि त्याने नाजूक अक्षरं काढणं अवघड जातं.

आयसिंगचा सगळ्यात मोठा शत्रू तेलकटपणा. भांडं, बीटर, स्पॅच्युला गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन कोरडे पुसा. प्लॅस्टिकच्या भांड्याला जुना तेलकटपणा चिकटून राहतो, म्हणून काचेचं किंवा स्टीलचं घ्या. मेरिंग पावडर आणि पाणी आधी मिसळून थोडा फेस येऊ द्या, मग साखर घालून मंद वेगावर पाच-सहा मिनिटं फिरवा. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की झालं. वेग वाढवू नका, जास्त हवा भरलेलं आयसिंग वाळल्यावर सच्छिद्र आणि ठिसूळ होतं. तयार आयसिंगवर लगेच ओलं फडकं टाका. उघडं राहिलं तर काही मिनिटांत त्यावर साय धरते, आणि त्या सायीचा एक कण नोझल बंद करायला पुरतो.

आता दाटपणा. इथेच पहिल्यांदा करणारे अडखळतात, म्हणून जरा थांबून बघा. भांड्यातल्या आयसिंगवर सुरीने एक रेघ ओढा आणि सेकंद मोजा. रेघ बुजून पृष्ठभाग पुन्हा सपाट व्हायला बारा ते पंधरा सेकंद लागले, तर ते भरण्याचं आयसिंग. वीस-बावीस सेकंद लागले, तर त्याच पिशवीने कडही काढता येते आणि आतही भरता येतं. नवशिक्यांनी याच दाटपणावर सगळं काम करावं असं मला वाटतं, कारण पिशव्या निम्म्या होतात. रेघ बुजतच नसेल, पण आयसिंग अजून मऊ असेल, तर ते अक्षरांचं आणि खवल्यांचं. पातळ करताना पाणी अर्धा-अर्धा चहाचा चमचा घाला आणि हाताने ढवळा. पुढे गेलंच तर चाळलेली आयसिंग शुगर घालून मागे आणता येतं.

रंग जेलचेच घ्या. पातळ द्रव रंगांनी दाटपणा बिघडतो. टूथपिकच्या टोकावर येईल एवढा जेल पुरतो, आणि रंग तासाभरात आणखी गडद होतो, म्हणून हव्या त्या छटेच्या किंचित अलीकडे थांबा. शुभ्र पांढरा हवा असेल तर पांढरा जेल घालावा लागतो. त्यानंतरही पिवळट झाक राहिली, तर जांभळ्या जेलचा नुसता स्पर्श झालेली टूथपिक बुडवा, पिवळेपणा मरतो. जांभळा दिसू लागेल इतका मात्र घालू नका. जांभळा हा ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा रंग, कम्युनियनचा दिवस पांढऱ्या आणि सोनेरीचा.

मासा भरताना

दोन नंबरचं नोझल, वीस सेकंदांचं फिकट निळसर-राखाडी आयसिंग. पिशवी अर्धीच भरा. भरगच्च पिशवी मागून ओघळते आणि हात दुखतो. नोझल कुकीला टेकवू नका. कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत एका ठिकाणी स्पर्श करून सुरुवात करा, मग पिशवी सेंटिमीटरभर वर उचला आणि दोरी जशी खाली सोडत जावी तशी आयसिंगची धार आकारावर सोडत न्या. हात थरथरला तरी वरून पडणारी धार सरळ बसते. शेपटीच्या खाचेपाशी पुन्हा टेकवा, वळवा, पुढे चला.

कड पूर्ण झाली की थांबू नका, लगेच आत भरा. कडेच्या बाजूने आत येत नागमोडी धार सोडा, मधे थोडी मोकळी जागा राहिली तरी चालेल. टूथपिकने छोटी-छोटी वर्तुळं फिरवत आयसिंग त्या जागेत ढकला. मग कुकी ओट्यावर ठेवूनच दोन्ही हातांनी पटपट हलवा; पृष्ठभाग सपाट होतो आणि हवेचे बुडबुडे वर येतात. ते टूथपिकने फोडा. यासाठी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ नसतो. साय धरल्यावर टूथपिक लावली तर ओरखडा कायम राहतो, तेव्हा एखादा बुडबुडा सुटला तर सुटू द्या.

भरलेल्या कुकीज लगेच टेबलफॅनच्या झोतासमोर ठेवा. वरची साय जितकी लवकर धरेल तितकी चमक जास्त, आणि बारीक जागांमध्ये आयसिंग खाली बसून खड्डे पडायचं प्रमाण कमी. अर्ध्या-पाऊण तासाने पंखा हळू करा आणि रात्रभर तसंच उघडं वाळू द्या. हवा दमट असेल तर रात्र पुरत नाही, पुढची दुपारही द्यावी लागते. झाकण लावलेल्या डब्यात आयसिंग वाळत नाही, हे लक्षात असू द्या.

दुसऱ्या दिवशी खवले. एक नंबरचं नोझल आणि दाट पांढरं आयसिंग घ्या. शेपटीकडून डोक्याकडे चला: छोट्या अर्धगोलांची एक उभी ओळ, मग तिच्या पुढची ओळ अर्ध्या खवल्याने सरकवून. तीन-चार ओळी झाल्या की थांबा आणि डोक्याचा भाग कोरा सोडा. सगळा मासा खवल्यांनी भरला की तो गिचमिड दिसतो. डोळ्यासाठी एक ठिपका. ठिपक्याला वर टोक राहिलं तर ओल्या ब्रशने हलकेच दाबा. हे ठिपके मुलाकडून करून घ्या. सात-आठ वर्षांच्या हाताला पिशवी धरून ठिपका देणं जमतं, आणि रविवारी ट्रेमधला आपला मासा ते बरोबर ओळखतं.

नाव लिहिताना

देवनागरी नाव लिहायचं असेल तर कुकीवर जागा आधी मोजा. उभ्या जागेत अक्षर, वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, असे तीन मजले लागतात. अक्षराची उंची बारा मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर आयसिंगच्या रेघा एकमेकींत मिसळून भ आणि म सारखेच दिसू लागतात. नाव लांब असेल किंवा त्यात जोडाक्षर असेल तर दोन ओळींत लिहा, किंवा प्रत्येक कुकीवर एकच अक्षर घ्या.

कागदावर नाव हव्या त्या मापात लिहून त्यावर बटर पेपर ठेवा आणि आयसिंगने चार-पाच वेळा गिरवा. हात बसला की कुकीवर टूथपिकने शिरोरेषेची पुसटशी ओरखडलेली रेघ मारा. पहिला थर पूर्ण वाळलेला असेल तर ती नीट उमटते आणि नंतर झाकली जाते. आधी अक्षरांचे देह, मग काने, मग वेलांट्या, आणि सगळ्यात शेवटी शिरोरेषा एका दमात. शिरोरेषा आधी काढली तर प्रत्येक कान्याच्या डोक्यावर आयसिंगची गाठ येते. अक्षर चुकलं तर घाबरू नका. ओलं असतानाच टूथपिकने उचला आणि ओलसर ब्रशने डाग टिपून घ्या.

गडद रंगाची अक्षरं फिकट थरावर लिहायची असतील, तर खालचा थर चोवीस तास वाळलेला असू द्या. रंग उतरण्याचं बहुतेक वेळा हेच कारण असतं.

सोनेरी चमक: इथे हयगय नको

चषकाला किंवा क्रूसाला सोनेरी करायचा मोह होतो. बाजारात चमकीच्या बारीक भुकट्या मिळतात, आणि त्यांतल्या सगळ्या खाण्याच्या नसतात. डबीवर खाद्य असल्याचं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकपदार्थांची यादी छापलेली असेल तरच घ्या. नुसतं 'बिनविषारी' किंवा 'फक्त सजावटीसाठी' लिहिलं असेल, तर ती खाण्याची नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाच्या केकवरच्या अशा भुकटीमुळे सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. तिच्यात तांब्याचं प्रमाण फार मोठं निघालं. २०१९ मध्ये मिझुरी राज्यात एका वर्षाच्या बाळाच्या रक्तात शिसं सापडलं, तेही केकच्या सजावटीच्या भुकटीतून आलेलं. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ मध्ये या दोन्ही घटना प्रसिद्ध केल्या.

खात्रीची भुकटी मिळाली नाही तर पिवळ्या जेलमध्ये तपकिरीचा अगदी बारीक अंश घाला. शांत, जुन्या सोन्याचा रंग येतो, आणि पांढऱ्याशेजारी तो उठून दिसतो. चांदीच्या रंगाचे कडक साखरमणी टाळा. पाहुण्यांमध्ये लहान भावंडं असतात, आणि ते मणी घशात अडकू शकतात.

पॅकिंग आणि रविवारची सकाळ

शनिवारी दुपारी एक कुकी हातात घेऊन बोटाच्या नखाने कडेच्या आयसिंगवर हलकंसं दाबून बघा. खूण उमटली नाही तर बाकीच्याही तयार आहेत. पारदर्शक खाद्य पिशवीत एकेक मासा सरकवून तोंड बंद करा, मग डब्यात तळाला भाकरी आणि वर मासे आडवे ठेवा. मधल्या रिकाम्या जागेत बटर पेपर चुरगाळून भरा, म्हणजे वाटेत हलणार नाहीत. मैदा, दूध, अंडं यांची चिठ्ठी प्रत्येक डब्यावर लावा. ॲलर्जी असलेल्या मुलाचे आई-वडील समारंभात विचारायला संकोचतात, त्यांची अडचण त्याने सुटते. धर्ममाता आणि धर्मपिता यांच्या डब्यावर मुलाने स्वतः नाव लिहावं.

कम्युनियनच्या किमान एक तास आधी पाणी आणि औषध सोडून काही खायचं-प्यायचं नाही, असं कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेचं ९१९ वं कलम सांगतं. पोटात कावळे ओरडत असलेल्या मुलासमोर सकाळी कुकीजचा ट्रे मांडून ठेवू नका. डबे आदल्या रात्रीच गाडीत किंवा हॉलवर पोहोचवणाऱ्याच्या हाती द्या आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) संपल्यावरच उघडा. गाडी उन्हात उभी राहणार असेल तर मात्र डबे घरातच सावलीत ठेवा, तापलेल्या गाडीत बटर सुटून आयसिंगवर डाग येतात. फ्रीजमध्येही ठेवू नका; बाहेर काढल्यावर थंड कुकीवर बाष्प धरतं आणि रंग वाहतो. उरलेल्या कुकीज पिशवीतच बंद राहिल्या तर खोलीच्या तापमानाला दोन आठवडे चांगल्या लागतात.